दोन पक्षांची अपक्ष जोडी आणि २७०चा आकडा

४ एप्रिल २०२४ रोजी ‘नो लेबल्स’ या अमेरिकन संघटनेने जाहीर केले की, अध्यक्षपदासाठी आम्ही कुणालाच उभे करणार नाही. त्याआधी वर्षभर या संघटनेने त्याच एका गोष्टीचा धोशा लावला होता. बायडेन नकोत आणि ट्रम्पही नकोत, असे म्हणणारे मतदार अमेरिकेत भरपूर होते. त्यांच्यासाठी एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट असे दोघे आपापल्या पक्षाचा झेंडा बाजूला ठेवून एकत्र लढतील, एक अध्यक्षपदासाठी आणि दुसरा उपाध्यक्षपदासाठी, असा बेत होता. सात कोटी डॉलर उभे करायचे ठरले. वीसेक राज्यांत मतपत्रिकेवर जागाही मिळाली. माणसे तेवढी मिळाली नाहीत.

वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जो मॅन्चिन यांनी जुलै २०२३मध्ये न्यू हॅम्पशायरला या संघटनेच्या व्यासपीठावर हजेरी लावून चर्चा पेटवली आणि फेब्रुवारीत ‘मी लढणार नाही’ म्हणून मोकळे झाले. मेरीलँडचे माजी गव्हर्नर लॅरी होगन संघटनेचे पद सोडून सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले. रिपब्लिकन नेत्या निकी हेली नको म्हणाल्या, त्याच पक्षाचे ख्रिस ख्रिस्ती नको म्हणाले. तयार ताट समोर असताना इतके मुरब्बी लोक एकामागून एक उठून का गेले? धाडस नव्हते म्हणून, असे म्हणणे सोपे आहे. मला वाटते त्यांना गणित येत होते.

ते गणित आपल्याला सहज कळत नाही, कारण आपण मतमोजणी म्हटले की ज्याला जास्त मते तो जिंकला, एवढेच धरून चालतो. अमेरिकेत तसे होत नाही.

मतदार तिथे अध्यक्ष आणि उपाध्यक्षाच्या जोडीला मिळून एकच मत देतो. अध्यक्ष या जोडीतला आणि उपाध्यक्ष त्या जोडीतला, अशी निवड त्याला करता येत नाही. शिवाय त्याचे मत थेट जोडीच्या खात्यात पडत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक ‘इलेक्टर’ असतात. राज्याचे खासदार जितके, तितके हे प्रतिनिधी. देशभरात मिळून ते ५३८ आहेत आणि त्यांतले निम्म्याहून जास्त, म्हणजे २७०, ज्याच्याकडे तो अध्यक्ष. मेन आणि नेब्रास्का सोडले तर ४८ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये नियम एकच: राज्यात जो एका मताने का होईना पुढे, त्याला तिथले सगळे इलेक्टर. दुसऱ्याला शून्य, तिसऱ्याला शून्य.

आता १९९२ बघा. टेक्सासचे अब्जाधीश रॉस पेरो अपक्ष उभे होते. जूनमध्ये तर ते जनमत चाचण्यांत थोरले बुश आणि क्लिंटन या दोघांच्याही पुढे होते. जुलैमध्ये अचानक माघार घेतली, ऑक्टोबरमध्ये परत आले, आणि एवढा गोंधळ घालूनही त्यांना सुमारे १ कोटी ९७ लाख मते पडली. जवळजवळ १९ टक्के! मेनमध्ये त्यांनी अध्यक्षपदावर बसलेल्या बुशना मागे टाकले, यूटामध्ये क्लिंटनना. दोन्हीकडे ते दुसरे आले. इलेक्टर किती मिळाले? एकही नाही.

त्याच्या शेजारी १९६८ ठेवा. अलाबामाचे जॉर्ज वॉलेस हे कट्टर वर्णभेदवादी नेते तिसऱ्या पक्षाकडून उभे होते. त्यांना पेरोंच्या निम्मीच मते मिळाली, सुमारे ९९ लाख. पण ती दक्षिणेत दाटीने पडली. अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी, लुइझियाना, आर्कान्सा ही पाच राज्ये त्यांनी जिंकली आणि फुटून आलेल्या एका इलेक्टरसह ४६ मते खिशात टाकली. पेरोंची मते म्हणजे राज्यभर झालेली रिमझिम: रस्ते सगळीकडे ओले, पण एकाही धरणाची पातळी वाढली नाही.

दोन पक्षांच्या अपक्ष जोडीची खरी अडचण इथे आहे. ‘मधल्या’ मतदाराला स्वतःचा असा प्रदेश नाही. वॉलेसना वर्णभेदाचा पट्टा होता, मध्यममार्गाचा पट्टा कुठे असतो? तो ओहायोत थोडा, ॲरिझोनात थोडा, मेनमध्ये जरा जास्त, असा विखुरलेला. देशात पंचवीस टक्के मते मिळवणारी अत्यंत सभ्य, समंजस जोडी शून्यावर बाद होऊ शकते आणि तेरा टक्केवाला प्रादेशिक आग्या-वेताळ किंगमेकर होऊ शकतो. तिरंगी लढतीत ३५ टक्क्यांवर राज्य जिंकता येते हे खरे, पण तसे पंधरा-वीस राज्यांत, त्यातही मोठ्या राज्यांत, एकाच दिवशी जमावे लागते.

आधी मतपत्रिकेवर नाव तर यायला हवे

अमेरिकेत आपल्यासारखा एकच निवडणूक आयोग सगळ्या देशाची मतपत्रिका ठरवत नाही. प्रत्येक राज्याचे दार वेगळे, चावी वेगळी. टेनेसीत अपक्षाला २७५ सह्या पुरतात. २०२४मध्ये कॅलिफोर्नियात त्यासाठी २,१९,४०३ सह्या लागत होत्या आणि टेक्सासमध्ये १,१३,१५१. टेक्सासची आणखी गंमत म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत ज्याने मत दिले, त्याची सही चालत नाही आणि अर्ज मे महिन्यातच द्यायचा, म्हणजे लोकांना दोन्ही उमेदवारांचा कंटाळा येण्याआधीच. अनेक राज्यांत असाही कायदा आहे की पक्षाच्या प्राथमिक फेरीत हरलेल्याने पुढे बंडखोरी करून उभे राहायचे नाही. आपल्याकडे तिकीट नाकारल्यावर दुपारी तीनच्या आत अपक्ष अर्ज भरणाऱ्या मंडळींची तिथे पंचाईतच झाली असती.

‘नो लेबल्स’ने यातून वाट काढली होती. बऱ्याच राज्यांत माणसाऐवजी पक्षाची नोंदणी आधी करता येते. म्हणून आधी जागा पटकावायची, नावे मागाहून. देणगीदारांची नावे मात्र ती जाहीर करत नव्हती, आणि उमेदवाराशिवाय मतपत्रिकेवर जागा धरून बसलेल्या या संघटनेमागे नक्की कोण, हा प्रश्न शेवटपर्यंत तिचा पाठलाग करत राहिला. मला तो प्रश्न रास्त वाटतो.

टीव्हीवरच्या वादसभांचेही दार असेच अरुंद आहे. २०००पासून चाचण्यांत १५ टक्के असल्याशिवाय तिथे प्रवेश नाही. वादसभेत दिसल्याशिवाय टक्के वाढत नाहीत आणि टक्के वाढल्याशिवाय वादसभा नाही. तिन्ही उमेदवार एका मंचावर आले ते शेवटचे १९९२मध्ये.

२७० कुणालाच मिळाले नाहीत तर?

या जोडीचे समर्थक इथे डोळे मिचकावतात. म्हणतात, आम्हाला जिंकायची गरजच नाही. चाळीस-पन्नास इलेक्टर मिळवले, दोघांनाही २७०च्या खाली रोखले, की किल्ली आमच्या हातात. ऐकायला चतुर वाटते. पुढे काय होते ते बघू.

१८०४च्या बाराव्या घटनादुरुस्तीनुसार अशा वेळी अध्यक्ष प्रतिनिधिगृह, म्हणजे अमेरिकन संसदेचे खालचे सभागृह, निवडते. पण ४३५ सदस्यांनी हात वर करायचे, असे नाही. तिथे प्रत्येक राज्याला एक मत. चार कोटींच्या आसपास लोकसंख्येचे कॅलिफोर्निया आपल्या ५२ सदस्यांसह एक मत देणार आणि सहा लाखही लोकसंख्या नसलेले वायोमिंग आपल्या एकुलत्या एका सदस्यासह एकच मत देणार. ५०पैकी २६ राज्ये ज्याच्या बाजूला, तो अध्यक्ष. राजधानी वॉशिंग्टनला तीन इलेक्टर असले तरी इथे तिला मतच नाही.

एक मराठी उदाहरण घेतो, म्हणजे हे नीट कळेल. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून डेमोक्रॅटिक पक्षाचे सदस्य आहेत. त्या राज्याचे एकूण १३ सदस्य. २०२२च्या निवडणुकीत त्यांत ७ डेमोक्रॅट आणि ६ रिपब्लिकन होते. म्हणजे पक्षाप्रमाणे मतदान झाले असते तर मिशिगनचे एकमेव मत डेमोक्रॅटिक उमेदवाराला. २०२४मध्ये एक जागा इकडची तिकडे गेली आणि हेच प्रमाण ७-६ असे रिपब्लिकनांच्या बाजूला झुकले. ठाणेदार तेच, त्यांचा मतदारसंघ तोच, पण राज्याचे मत आता उलट दिशेला. जिथे बरोबरी होते, त्या राज्याचे मत कुणालाच नाही.

आता या सभागृहात अपक्ष जोडीचे किती लोक? एकही नाही. त्यांचा सगळा भरवसा यावर, की दोन्ही पक्षांना समोरच्यापेक्षा आम्ही बरे वाटू. पण ज्या पक्षाकडे २६ राज्ये आहेत त्याने स्वतःचा माणूस सोडून ‘त्यातल्या त्यात बरा’ का निवडावा? आणि गेल्या काही निवडणुकांत अशी राज्ये बहुधा रिपब्लिकनांकडेच जास्त असतात, कारण छोटी, ग्रामीण राज्ये संख्येने अधिक. म्हणजे अपक्ष जोडीने २७०चे गणित बिघडवले, तर फायदा कुणाचा हे आधीच सांगता येते. २०१६मध्ये न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी अपक्ष लढायचा विचार केला, पैसा हाताशी असूनही सोडून दिला, आणि कारण जाहीरपणे हेच दिले: प्रश्न प्रतिनिधिगृहात जाईल आणि ट्रम्प अध्यक्ष होतील. ट्रम्प व्हायचे ते झालेच, ती गोष्ट वेगळी.

याहून मजेशीर कलम पुढे आहे. प्रतिनिधिगृह पहिल्या तिघांतून अध्यक्ष निवडते. उपाध्यक्ष मात्र सिनेट निवडते, आणि तेही फक्त पहिल्या दोघांतून. म्हणजे आपली जोडी तिसरी आली असेल, तर तिच्यातल्या पहिल्याचे नाव एका सभागृहात जिवंत आणि दुसऱ्याचे दुसऱ्या सभागृहात बाद! एकजुटीच्या नावावर मते मागितलेल्या जोडीला मतमोजणीनंतर संविधानच फोडते. निवडणुकीच्या जाहिरातींत हे कुणी सांगत नाही.

बाराव्या दुरुस्तीनंतर अध्यक्ष प्रतिनिधिगृहाने निवडण्याचा हा खेळ प्रत्यक्षात एकदाच झाला आहे. १८२४मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांना ९९ इलेक्टर, जॉन क्विन्सी ॲडम्स यांना ८४, विल्यम क्रॉफर्ड यांना ४१ आणि हेन्री क्ले यांना ३७. हवे होते १३१. क्ले चौथे म्हणून बाहेर फेकले गेले, पण प्रतिनिधिगृहाचे सभापती तेच होते. त्यांनी आपले वजन ॲडम्सच्या पारड्यात टाकले. ९ फेब्रुवारी १८२५ला २४पैकी १३ राज्यांनी ॲडम्सना निवडले आणि थोड्याच दिवसांत क्ले परराष्ट्रमंत्री झाले. जॅक्सनच्या माणसांनी पुढची चार वर्षे ‘सौदा झाला’ म्हणून रान उठवले आणि १८२८मध्ये ॲडम्सना घरी पाठवले. सर्वांत जास्त मते मिळालेला माणूस बाजूला राहून दुसराच बसला, तर लोक ते विसरत नाहीत. आज असे झाले तर काय होईल, याची कल्पना ६ जानेवारी २०२१चा ट्रम्पसमर्थकांचा संसदेवरचा हल्ला पाहिलेल्या कुणालाही करता येईल.

प्रतिनिधिगृहापर्यंत जाण्याआधीच इलेक्टरांचा सौदा करायचा, हा वॉलेस यांचा बेत होता. डिसेंबरमध्ये इलेक्टर आपापल्या राज्यात मते टाकतात. तोवर दोन्ही पक्षांशी घासाघीस करायची आणि जो दक्षिणेच्या अटी मानेल त्याला आपली मते द्यायची. तेव्हा रिपब्लिकन निक्सनना ३०१ मिळाल्याने ते जमले नाही. पण एकट्या कॅलिफोर्नियाची ४० मते डेमोक्रॅट हम्फ्रींकडे गेली असती तर निक्सन २६१वर अडकले असते. आता तो मार्गही बराच आवळला गेला आहे. अनेक राज्यांनी इलेक्टरांना शब्दाने बांधले आहे आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना तसा अधिकार असल्याचा निर्वाळा दिला.

मते कुणाची खाणार, या प्रश्नावर मराठी वाचकाला शिकवणी नको. पाडापाडी आपण रोज पाहतो. तरी दोन आकडे. १९१२मध्ये माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आपल्याच पक्षाच्या टाफ्टविरुद्ध उभे ठाकले, दोघांनी मिळून पन्नास टक्के मते घेतली आणि डेमोक्रॅट विल्सन ४२ टक्क्यांवर ४३५ इलेक्टर घेऊन गेले. आणि २०००मध्ये फ्लोरिडात धाकटे बुश डेमोक्रॅट अल गोर यांच्याविरुद्ध जिंकले ५३७ मतांनी. तिथे ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडरना ९७,४८८ मते होती.

त्या फ्लोरिडाने ज्या माणसाचे उपाध्यक्षपद हुकवले, तो जो लिबरमन. अल गोर यांच्या जोडीला तेच होते. २००६मध्ये डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत हरल्यावर ते कनेक्टिकटमधून अपक्ष म्हणून निवडून आले. २००८मध्ये रिपब्लिकन जॉन मॅकेन यांना त्यांनाच उपाध्यक्षपदासाठी घ्यायचे होते. पक्षातल्या लोकांनी विरोध केल्यावर मॅकेन यांनी सारा पेलिन यांना घेतले आणि पुढे त्याची खंतही बोलून दाखवली. तिसऱ्या उमेदवाराचा फटका स्वतःच्या अंगावर झेललेला हा माणूस अखेरीस ‘नो लेबल्स’चा संस्थापक अध्यक्ष म्हणून तिसरी जोडी शोधत होता. २७ मार्च २०२४ला लिबरमन गेले आणि आठ दिवसांनी संघटनेने तो शोध थांबवला. त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. पण फ्लोरिडा ते इतके कसे विसरले, हे कोडे मला सुटलेले नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना यात एक व्यावहारिक मुद्दा आहे. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्याने अपक्ष जोडीला मत दिले तर निकालावर ओरखडाही उठत नाही, कारण ती राज्ये कित्येक निवडणुका एकाच पक्षाकडे आहेत. निषेध म्हणून ते मत तिथे फुकट देता येते. पेनसिल्व्हेनियात किंवा मिशिगनमध्ये त्याच मताची किंमत मोजावी लागते.

समजा, जिंकलेच

दोन पक्षांची माणसे एकत्र येऊन सत्तेवर आलीच नाहीत असे नाही. पण ती मोठ्या पक्षाच्या पाठीवर बसून आली. १८६४मध्ये यादवी युद्ध चालू असताना लिंकन यांच्या रिपब्लिकनांनी ‘नॅशनल युनियन’ असे नाव घेतले आणि उपाध्यक्षपदासाठी हॅनिबल हॅम्लिन यांना वगळून टेनेसीचे डेमोक्रॅट अँड्र्यू जॉन्सन यांना घेतले. दक्षिणेतला असूनही संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेला माणूस. निवडणुकीपुरती निवड अचूक होती. मार्च १८६५मध्ये शपथविधी झाला, एप्रिलमध्ये लिंकन यांचा खून झाला आणि रिपब्लिकनांनी निवडून आणलेले सरकार एका डेमोक्रॅटच्या हातात गेले. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना नागरी हक्क देणारे विधेयक त्याने नकाराधिकाराने रोखले, अमेरिकन संसदेने ते पुन्हा मंजूर केले, आणि १८६८मध्ये महाभियोगातून जॉन्सन एका मताने वाचले. त्याआधी १८४१मध्येही असेच घडले होते. व्हिग पक्षाचे हॅरिसन शपथ घेतल्यावर महिन्याभरात वारले. त्यांच्याबरोबर मते ओढायला घेतलेले माजी डेमोक्रॅट जॉन टायलर अध्यक्ष झाले, त्यांनी व्हिगांची बँकेची विधेयके फेटाळली आणि पक्षाने त्यांना चक्क काढून टाकले.

खऱ्या अर्थाने अपक्ष आणि दोन पक्षांची अशी जोडी १९८०मध्ये उभी राहिली होती. इलिनॉयचे रिपब्लिकन सदस्य जॉन अँडरसन आणि विस्कॉन्सिनचे माजी डेमोक्रॅटिक गव्हर्नर पॅट्रिक लूसी. उन्हाळ्यातल्या चाचण्यांत अँडरसन वीस टक्क्यांच्या पुढे होते. नोव्हेंबर जवळ आला तसे लोक ‘मत वाया घालवायचे का’ म्हणू लागले आणि शेवटी हाती लागले ६.६ टक्के. ओहायोने अर्ज भरायची मुदत मार्चमध्येच ठेवली होती, त्याविरुद्धचा त्यांचा खटला मात्र १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने लागला. पुढच्या अपक्षांना त्याचा उपयोग झाला. निवडणुकीपेक्षा खटल्यातच त्या जोडीची कमाई जास्त.

वाया जाणाऱ्या मताचा तोडगा आपल्या राष्ट्रपती निवडणुकीत आहे: मतदार तिथे उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देतात. १९६९मध्ये तो कामी आला होता. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, इंदिरा गांधींच्या ‘सदसद्विवेकबुद्धी’च्या हाकेवर लढणारे अपक्ष व्ही. व्ही. गिरी आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघाचा पाठिंबा असलेले चिंतामणराव देशमुख. पहिल्या पसंतीत गिरींचे मतमूल्य ४,०१,५१५, रेड्डींचे ३,१३,५४८, देशमुखांचे १,१२,७६९. जिंकायला ४,१८,१६९ हवे होते, म्हणजे कुणालाच बहुमत नाही. मग देशमुखांसह खालच्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंती मोजल्या. त्यांतला मोठा वाटा रेड्डींकडे गेला, तरी गिरी ४,२०,०७७वर पोहोचून निवडून आले. देशमुखांना मत देताना ज्यांनी पुढची पसंतीही नोंदवली, त्यांचे मत वाया गेले नाही आणि त्यांनी कुणाला ‘पाडले’, असेही म्हणता येत नाही.

अध्यक्षपदासाठी असा पसंतिक्रम अमेरिकेत मेनने २०२०मध्ये आणला, पुढे अलास्कानेही. दोन्ही राज्ये मिळून सात इलेक्टर. नोव्हेंबर २०२४मध्ये कोलोरॅडो, नेव्हाडा, ओरेगॉन आणि आयडाहोच्या मतदारांपुढे पसंतिक्रमाचे प्रस्ताव होते. चारही राज्यांनी ते फेटाळले. अलास्कात तर ही पद्धत रद्द करण्यासाठीच मतदान झाले आणि ती हजाराहून कमी मतांच्या फरकाने कशीबशी टिकली.